परदेशात फुटबॉल खेळून पोट भरायचं असेल तर

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हंगाम रंगात आला की गॅलरीत कुणीतरी म्हणतंच, "ह्यो पोरगा भाईर खेळायला पायजे." बाहेर म्हणजे कुठं, कुठल्या व्हिसावर, कुणाच्या करारावर आणि किती पगारावर, हे मात्र त्या पोराला कुणी सांगत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे. इथं मोठ्या ताऱ्यांचा विचार केलेला नाही. दहा वर्षांत पाच-सहा क्लब बदलणारा, दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या लीगमध्ये खेळून घर चालवणारा जो व्यावसायिक असतो, त्याची ही वाट आहे. अशा कारकिर्दीत दोन गोष्टी मोजायच्या: मैदानावर मिळालेली मिनिटं आणि खात्यात वेळेवर आलेला पगार. देशाचं नाव त्यानंतर.

हे आयुष्य कसं असतं ते कोल्हापूरला नवीन नाही. आपल्या पेठांच्या संघांकडून खेळायला आफ्रिकेतून जे खेळाडू येतात, ते हेच काम करतात. भाड्याची खोली, हंगामापुरता करार आणि पुढच्या हंगामाची काळजी, सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. पहिली पायरी म्हणून त्यांच्यापैकी एखाद्याशी तासभर बोला. कुठल्या देशात पैसे बुडतात आणि कुठला एजंट खोटा, हे त्यांना कुठल्याही अकादमीपेक्षा जास्त माहीत असतं.

आधी आपली पातळी

फक्त केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि इथल्या चषक स्पर्धांच्या जोरावर परदेशी क्लब करार करेल, ही आशा सोडा. बाहेरचा प्रशिक्षक गेल्या दोन हंगामांत कुठल्या लीगमध्ये किती मिनिटं खेळलात ते बघतो. त्यामुळं मधली पायरी भारतातच चढावी लागते: आय-लीग म्हणून ओळखली गेलेली दुसऱ्या फळीची राष्ट्रीय लीग, तिच्या खालच्या श्रेणी किंवा मुंबई, गोवा, कोलकाता, केरळ इथल्या राज्यस्तरीय लीग. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, मग इंडियन अ‍ॅरोज आणि जमशेदपूरकडून खेळला आणि २०१९ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठी गेला. क्रम लक्षात घ्या.

दमसासाची चाचणी स्वतः घेऊन बघा. यो-यो इंटरमिटंट रिकव्हरी, लेव्हल १ मध्ये २० मीटर जायचं, २० मीटर परत यायचं, १० सेकंद थांबायचं आणि वेग वाढवत न्यायचा. २,२०० मीटरच्या आसपास पोहोचत नसाल तर ट्रायलच्या तिसऱ्या दिवशी पाय जड होतील. इथल्या चेंडूवरच्या कौशल्याला नावं ठेवायला जागा नाही. मागे पडतो तो चेंडू गेल्यावर परत धावण्यात आणि पहिल्या स्पर्शाच्या वेगात. आपलं मैदान कोरडं आणि कडक असतं. ओल्या गवतावर चेंडू सरकत येतो आणि मान वर करायला वेळ मिळत नाही. जमल्यास निघण्याआधी काही आठवडे पाणी मारलेल्या गवतावर किंवा कृत्रिम मैदानावर सराव करा.

वय १८ पूर्ण नसेल तर थांबा. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली होत नाही. पालक फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील तर, असे मोजके अपवाद आहेत. "सोळाव्या वर्षी युरोपच्या क्लबमध्ये प्रवेश" म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा पैसे भरून घ्यायचं शिक्षण असतं. त्याला करार समजू नका.

कागद, आणि त्यावरचं नाव

बहुतेकांची गाडी इथंच अडते. भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन खेळाडू-नोंदणीत, पासपोर्टवर, जन्मदाखल्यावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी हवी. आपल्याकडं वडिलांचं नाव मध्ये येतं. ते एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर आडनावाचं स्पेलिंगच वेगळं असतं. आंतरराष्ट्रीय बदली फिफाच्या संगणक प्रणालीतून होते आणि तिथं नाव जुळलं नाही की प्रकरण लटकतं. बदलीची ठरलेली मुदत, म्हणजे खिडकी, बंद व्हायला चार दिवस उरलेले असताना दुरुस्ती होत नाही. म्हणून ती सहा महिने आधी करून ठेवा.

पासपोर्टची मुदत किमान दोन वर्षं शिल्लक असू द्या. कोल्हापुरातच टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. दहावी नापास असाल तर पासपोर्टवर ईसीआर शिक्का येतो. मग आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया अशा ठिकाणी नोकरीच्या व्हिसावर जायला वेगळी सरकारी परवानगी लागते. दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्र जोडलं की हा अडथळा जातो. फुटबॉलसाठी दहावी सोडू नका, याचं इतकं रोकडं कारण दुसरं नाही. बरेच देश पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र आणि अपोस्टिल केलेला (परदेशात चालावा म्हणून सरकारनं प्रमाणित केलेला) जन्मदाखला मागतात. दोन्हीला वेळ लागतो.

शेवटचा कागद म्हणजे आधीच्या क्लबचं सोडपत्र आणि त्यासोबत प्रशिक्षण भरपाईचं माफीपत्र. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. खेळाडू २३ वर्षांचा होतो त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पहिला व्यावसायिक करार परदेशात झाला, तर १२ ते २१ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना नव्या क्लबनं भरपाई द्यायची असते. ती नव्या क्लबच्या श्रेणीवर ठरते (पहिली सर्वांत वरची, चौथी सर्वांत खालची). युरोपात तिसऱ्या श्रेणीच्या क्लबसाठी दर वर्षाला ३० हजार युरो, असा फिफाचा आकडा आहे. (चौथ्या श्रेणीच्या क्लबात जाताना ही भरपाई लागतच नाही.) एकवीस वर्षांच्या अनोळखी भारतीय मुलासाठी छोटा क्लब एवढा खर्च करत नाही. तो करारच टाळतो, आणि मुलाला कारणही कळत नाही. त्यामुळं आपल्या जुन्या क्लबशी आधीच मोकळेपणानं बोला.

व्हिडिओ

चार मिनिटांची निवडक दृश्यं आणि दोन पूर्ण सामने, एवढं पुरतं. प्रत्येक दृश्यात चेंडू येण्याआधी तुमच्यावर बाण किंवा गोल हवा. पहिल्या तीस सेकंदांत तुमच्या जागेचं मुख्य काम दिसू द्या: सेंटर बॅक असाल तर हेडर आणि जागा घेणं, विंगर असाल तर एकास एक. पार्श्वसंगीत नको. कॅमेरा गॅलरीच्या उंचीवर आणि मध्यरेषेजवळ असावा, म्हणजे चेंडू नसताना तुम्ही काय करता ते दिसतं. स्थानिक सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाचं फुटेज चालतं, पण त्यात कॅमेरा सतत चेंडूमागे धावतो. पूर्ण सामन्यासाठी एखाद्या मित्राला ट्रायपॉड घेऊन वर बसवा. सोबत एका पानाची माहिती द्या: उंची, वजन, कुठला पाय, हंगामवार सामने आणि मिनिटं, करार कधी संपतो. गोल वाढवून लिहू नका, क्लब ते तपासतात.

एजंट

ऑक्टोबर २०२३ पासून एजंटकडं फिफाचा परवाना असणं बंधनकारक आहे आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. नाव तिथं नसेल तर पुढं बोलू नका. प्रतिनिधित्वाचा करार लेखी हवा आणि दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नको. खरा एजंट त्याचा वाटा पगार सुरू झाल्यावर घेतो. "ट्रायल फी", "व्हिसा फाइल", "राहण्याची अनामत" असे पैसे आधी मागणारा माणूस दलाल आहे, मग तो कितीही ओळखीच्यांच्या मार्फत आलेला असो. अशा प्रकारांबद्दल फिफप्रो ही खेळाडूंची जागतिक संघटना वारंवार सावध करत आली आहे.

निमंत्रणपत्र आलं की त्यावरच्या नंबरवर फोन करू नका. क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधा आणि तिथं विचारा: या तारखांना, या नावाच्या खेळाडूची ट्रायल ठरली आहे का? दहा मिनिटांच्या या कामानं आईचे दागिने वाचतात.

देश कुठला

इंग्लंड भारतीय पासपोर्टवर जवळजवळ बंद आहे. तिथला परवाना खेळाडूच्या देशाचं मानांकन आणि त्यानं खेळलेल्या लीगची पातळी पाहून मिळतो. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता, पण भारत पहिल्या सत्तरात नसल्यानं त्याला परवाना मिळाला नाही. पुढं भारताचा कर्णधार झालेल्या खेळाडूचं हे झालं, तर ट्रायलचं पत्र दाखवून इंग्लंडचं आमिष दाखवणाऱ्याचं काय ऐकायचं?

झालेल्या गोष्टी बघितल्या तर वाट दिसते. गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला, बराच काळ बाकावर बसला आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकमध्ये गेला, पण दुखापतींमुळं एकही अधिकृत सामना न खेळता परतला. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. मुलींना तर आज युरोपची वाट मुलांपेक्षा जास्त खुली आहे, आणि कोल्हापूर परिसरातल्या चांगल्या खेळाडू मुलींच्या घरच्यांनी याकडं गांभीर्यानं बघायला हवं.

मुलांसाठी आशियातल्या लीग जास्त व्यवहार्य आहेत. काही लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या कोट्यात आशियाई खेळाडूसाठी वेगळी जागा असते आणि तिथं भारतीय पासपोर्ट उपयोगी पडतो. कुठल्याही क्लबबद्दल तीन प्रश्न विचारा: तुमच्या जागेवर आणखी किती परदेशी आहेत, गेल्या हंगामात पगार किती महिने थकला होता, आणि आधीचा परदेशी खेळाडू का गेला. तिसऱ्याचं उत्तर त्या खेळाडूकडूनच घ्या. समाजमाध्यमांवर त्याला गाठणं अवघड नसतं.

ट्रायल

व्हिसा त्याच कामाचा हवा. पर्यटक व्हिसावर जाऊन सामने खेळणं बेकायदा आहे आणि पकडलं गेलं तर पुढचे व्हिसाही अडकतात. युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांत अल्प मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. परतीचं तिकीट, दुखापतीसह आरोग्य विमा आणि तीन आठवडे पुरतील एवढे स्वतःचे पैसे बरोबर ठेवा. बूट दोन जोड न्या: एक कोरड्या गवताच्या स्टडचा, दुसरा ओल्या मैदानासाठी धातूच्या स्टडचा. दोन्ही आधीच पायात रुळलेले हवेत. नवा बूट आणि फोड यात ट्रायल वाया गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस कमाल वेगानं धावू नका. प्रवासानं आखडलेली मांडीची मागची शिर याच वेळी ओढली जाते. आणि मैदानात बोला. "मॅन ऑन", "टाइम", "टर्न" एवढे शब्द मोठ्यानं ओरडता आले तरी प्रशिक्षकाचं लक्ष जातं.

करार: इथं घाई नाही

खिडकी बंद होत आली म्हणून रात्री अकराला कागद पुढं ठेवतील. तरीही वाचायचा.

पगार निव्वळ की करासह, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. "महिना १,५०० डॉलर" याचा अर्थ कर, विमा आणि घरभाडं वजा जाऊन हजारही होऊ शकतो. चलन आणि दर महिन्याची तारीख लिहून घ्या. घर, जेवण, वर्षातून दोन बाजूंचं विमान तिकीट, दुखापतीचे उपचार आणि शस्त्रक्रियेचा खर्च, यातलं जे कबूल केलं असेल ते करारात हवं. तोंडी शब्दाला लवादापुढं किंमत नाही.

फिफाच्या नियमांत करार किमान चालू हंगाम संपेपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. वैद्यकीय चाचणी पास झाली तरच किंवा वर्क परमिट मिळालं तरच करार लागू, अशी अट घालता येत नाही. चाचणी सहीच्या आधी झाली पाहिजे. तरीही छोटे क्लब ही अट घालतात, ती काढायला सांगा. एक महिन्याचा पगार देऊन क्लब कधीही करार तोडू शकेल, पण तुम्ही नाही, असं एकतर्फी कलम असेल तर सही करू नका. करार एकट्याच्या मर्जीनं वाढवायचा हक्क फक्त क्लबला देणारं कलमही तसंच.

दोन करारांचा प्रकार सर्वांत धोक्याचा. महासंघाकडं नोंदवायला कमी रकमेचा, आणि बाकीचे पैसे वेगळ्या कागदावर, कधी कधी भलत्याच कंपनीच्या नावानं. पैसे थकले की क्लब पहिलाच कागद दाखवतो. स्थानिक भाषेतला करार इंग्रजी प्रतीशिवाय सही करू नका. प्रत्येक पानावर सही घ्या आणि तिथल्या तिथं फोटो काढून घरी पाठवा. वादाचा निवाडा कुठं होईल हे कलमही बघा. फक्त त्या देशाच्या दिवाणी न्यायालयाचं नाव असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

सहीनंतर नवा महासंघ भारतीय महासंघाकडं आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र मागतो. खेळाडू त्याला आयटीसी म्हणतात. ते येईपर्यंत अधिकृत सामना खेळायचा नाही. मैत्रीपूर्ण सामन्यासाठीही क्लबकडून विमा चालू असल्याचं लेखी घ्या. एका हंगामात तीन क्लबांकडं नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. ऑगस्टमध्ये एक आणि जानेवारीत दुसरा क्लब झाला की त्या हंगामाचे दरवाजे बहुतेक बंद. करार संपायला सहा महिने उरले की मात्र तुम्ही दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकता. ही तारीख डायरीत ठळक लिहून ठेवा.

पगार थकला तर

थकेल, हे गृहीत धरूनच जा. फिफप्रोनं २०१६ मध्ये ५४ देशांतल्या सुमारे १४ हजार खेळाडूंना विचारलं, तेव्हा ४१ टक्के जणांचा पगार गेल्या दोन हंगामांत कधी ना कधी उशिरा झाला होता. म्हणून तीन महिन्यांचा खर्च नेहमी स्वतःच्या खात्यात ठेवा, क्लब कितीही चांगला असो.

चूक होते ती रागाच्या भरात. पोरं सरावाला जाणं बंद करतात किंवा बॅग उचलून कोल्हापूरला येतात. मग क्लब म्हणतो, करार यानंच मोडला, आणि भरपाई खेळाडूकडंच मागतो. पगार थकला तरी सरावाला रोज हजर राहा आणि हजेरीचा पुरावा ठेवा.

दोन महिन्यांचे पगार बुडाले की लेखी नोटीस द्या. कुठल्या महिन्यांची किती रक्कम, कुठल्या तारखेला देय होती, तुमच्या बँकेचा तपशील आणि पंधरा दिवसांची मुदत, एवढं त्यात हवं. ती क्लबच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि कुरियरनंही, पोचपावती जपून ठेवा. पंधरा दिवसांत पूर्ण पैसे आले नाहीत तर योग्य कारणासाठी करार संपवायचा हक्क तुम्हाला मिळतो. करार संपवल्याचं पत्रही लेखीच द्यायचं. मग दावा फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडं, वाद निवारण कक्षात दाखल होतो. मुदत घटनेपासून दोन वर्षं, आणि खेळाडूला कार्यवाहीचं शुल्क पडत नाही. उरलेल्या करारापोटी भरपाई मिळते, त्यातून मधल्या काळात दुसऱ्या क्लबकडून मिळालेला पगार वजा होतो. निकालानंतर ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर क्लबवर नवे खेळाडू नोंदवायची बंदी येऊ शकते, आणि क्लब घाबरतात ते याच बंदीला. रोख पगार घेत असाल तर काय मिळालं, काय राहिलं हे दर महिन्याला क्लबला संदेश पाठवून नोंदवत जा. सही करून पैसे मिळाल्याची खोटी पावती कधीही देऊ नका, "लीगच्या लायसन्ससाठी हवी" असं कितीही गोड बोलले तरी.

एकट्यानं सराव करायला लावणं किंवा खोली रिकामी करायला लावणं, हे करार सोडायला भाग पाडण्याचे जुने डाव आहेत. त्यांचीही तारीखवार नोंद ठेवा, दाव्यात उपयोगी पडते. पासपोर्ट क्लबच्या ताब्यात देऊ नका. घेतला आणि परत देत नसतील तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल आहे.

शरीर आणि औषधं

उत्तेजक चाचणीत "माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. आपल्याकडं खोकल्याच्या कित्येक औषधांत टर्ब्युटालीन असतं आणि ते प्रतिबंधित आहे. घरून औषधांची पिशवी नेताना प्रत्येक नाव तपासा. तालमीत मिळणारी लेबल नसलेली पावडर तर नेऊच नका. दमा असेल आणि त्यावरचं औषध प्रतिबंधित यादीत असेल तर उपचारासाठीची सूट आधी घ्यावी लागते. जेवण स्वतः बनवायला शिका. भात, डाळ, अंडी, चिकन एवढं जमलं तरी आठवडा निघतो.

सुट्टीत घरी आल्यावर

मे महिन्यात घरी आलात की पेठेतून बोलावणं येणारच: "फक्त एक मॅच, फायनल हाय." नाही म्हणायचं. तुमची नोंदणी परदेशी क्लबकडं आहे. बदली प्रमाणपत्र परत आल्याशिवाय इथं अधिकृत सामना खेळता येत नाही, आणि बहुतेक करारांत दुसरीकडं खेळायला बंदीच असते. त्या सामन्यात गुडघा गेला तर क्लब उपचारही देणार नाही आणि पगारही. आपल्या तालमीसाठी, म्हणजे पेठेच्या संघासाठी, जीव तुटतो हे खरं, पण त्या दिवशी बाकाशेजारी उभं राहून धाकट्या पोरांना ओरडून सांगा, त्यांनाही ते पुरतं.

करार संपवून कायमचं इथं खेळायला परतायचं असेल तर व्यावसायिक म्हणून खेळलेल्या शेवटच्या सामन्यानंतर किमान ३० दिवस हौशी खेळाडू म्हणून नोंदणी होत नाही. त्यामुळं स्थानिक नोंदणीची मुदत आणि तुमची तारीख आधी जुळवून बघा. परदेशात राहण्याचे दिवस वाढले की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करावं लागतं. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरतात का, यावर कर ठरतो. दर मार्चमध्ये सीएला पासपोर्टवरचे शिक्के दाखवा आणि तिकडं भरलेल्या कराचं प्रमाणपत्र मागून घ्या.

तालमींच्या कार्यकर्त्यांसाठीही एक काम आहे. पुढं कधी तुमच्या मुलाची करार चालू असताना पैसे देऊन आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. हिशोब खेळाडूच्या नोंदणीच्या इतिहासावरून होतो आणि पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाउसमार्फत येतात. ज्या वर्षी मुलगा तुमच्याकडं खेळला पण सीआरएसमध्ये नोंद नव्हती, त्या वर्षाचं काहीच मिळत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरांची नोंदणी याच हंगामात, बरोबर स्पेलिंगसह करून घ्या.